मंदीतला केंद्राचा पैसा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: 2009 च्या मंदीत अमेरिकेतल्या काही गव्हर्नरांनी केंद्राची मदत नाकारली, असे वाचले. लोक बेकार होत असताना कोणी पैसा नाकारतो का?
– स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर: सगळी मदत कोणीच नाकारली नाही, वाद काही रकमांपुरता होता. (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. ते निवडून आलेले असतात आणि राज्याचा कारभार तेच चालवतात.) 17 फेब्रुवारी 2009 रोजी सही झालेल्या 787 अब्ज डॉलरच्या मदत कायद्यात सुमारे 7 अब्ज डॉलर बेकारी भत्त्याच्या सुधारणांसाठी होते. ते हवे असतील तर राज्याने आपला कायदा बदलायचा. पात्रता ठरवताना कामगाराच्या अगदी अलीकडच्या तिमाहीची मजुरी धरली, तर एक तृतीयांश रक्कम मिळणार. बाकीच्या रकमेसाठी चारपैकी दोन सुधारणा करायच्या, उदाहरणार्थ अर्धवेळ काम शोधणाऱ्यालाही भत्ता देणे.

टेक्सासच्या रिक पेरींनी यातले सुमारे 55.5 कोटी डॉलर सोडले, लुइझियानाच्या बॉबी जिंदालांनी सुमारे 9.8 कोटी. पैसा एकदाच येणार, कायदा मात्र राहणार आणि पुढचा भार उद्योगांवरच्या करात दिसणार, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या मते हा मुद्दा रास्त होता, पण वेळ चुकली. टेक्सासचा बेकारी निधी त्याच वर्षी आटला आणि राज्याला केंद्राकडूनच कर्ज काढावे लागले.

साउथ कॅरोलिनाचे मार्क सॅनफर्ड वेगळ्याच कारणाने अडले. मुख्यतः शिक्षणासाठीच्या सुमारे 70 कोटी डॉलरइतकी रक्कम राज्याचे कर्ज फेडायला वापरायची, हा त्यांचा आग्रह. केंद्राने तो मानला नाही, तेव्हा त्यांनी अर्जच केला नाही. शेवटी जून 2009 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अर्ज करायला लावला.

प्रश्न: आपल्या राज्याला असे नाकारता येते का? 50 वर्षांचे बिनव्याजी कर्ज खरेच फायद्याचे आहे का?
– निवृत्त कोषागार कर्मचारी, परभणी

उत्तर: हे कर्ज केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी (इमारती, रस्ते अशा टिकाऊ बांधकामांसाठी) देते. ही योजना घेण्याची सक्ती नाही. कोविडच्या मंदीत, 12 ऑक्टोबर 2020 रोजी ती 12,000 कोटी रुपयांची म्हणून जाहीर झाली. 2022-23 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी 1 लाख कोटी ठेवले गेले. फेड 50 वर्षांनी, एकरकमी. राज्याला बाजारात 7 टक्क्यांनी कर्ज मिळते असे धरा. त्या दराने आज 3 रुपये 40 पैसे गुंतवले तर 50 वर्षांत त्यांचे 100 रुपये होतात. म्हणजे मिळालेल्या 100 रुपयांतले 96 हून जास्त अनुदानासारखेच आहेत. केवळ कर्ज म्हणून ते नाकारण्यात अर्थ नाही.

अडचण पुढे येते. पैसा भांडवली कामांनाच वापरायचा, आणि मंजूर कामाऐवजी दुसरीकडे वळवला तर ती रक्कम केंद्रीय करांतल्या राज्याच्या वाट्यातून कापली जाते. ग्रामीण रुग्णालयाची इमारत यातून उभी राहील, पण परिचारिकेचा पगार, वीजबिल आणि जनरेटरचे डिझेल राज्याच्या महसुली खर्चातूनच जाणार. पदांचा आकृतिबंध (कोणती पदे, किती) मंजूर नसेल तर इमारत बांधून कुलूप लावायची वेळ येते. म्हणून प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीत दरवर्षीचा चालू खर्च आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यावर) पडणार, हे दोन्ही लिहिलेले असायलाच हवे. तुमच्यासारख्या हिशेब जाणणाऱ्यांनी स्थानिक प्रतिनिधींना आधी तेच विचारावे.

संविधानाच्या कलम 293(3) नुसार, केंद्राचे कर्ज थकीत असलेल्या राज्याला नवे कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. 2020-21 मध्ये कर्जाची मर्यादा राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांवरून 5 टक्के केली, त्या वाढीव 2 टक्क्यांतला मूळ घोषणेनुसार अर्धा टक्काच विनाअट होता. बाकीचा रेशनकार्ड, वीज वितरण, नगरपालिका अशा सुधारणांशी बांधलेला होता. राज्याला नकाराची मुभा आहे, पण ती वापरायला जागा थोडी.

प्रश्न: आमचा पाझर तलाव गळतो. या पैशातून दुरुस्ती होईल का?
– ग्रामपंचायत सदस्य, पाटोदा (जि. बीड)

उत्तर: नाही. ही योजना देखभाल-दुरुस्तीसाठी नाही. आधी तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची कामे जिल्हा परिषदेकडे असतात. तिथल्या उपविभागाकडून पाहणी करून अंदाजपत्रक घ्या आणि ग्रामसभेत ठराव करून काम गावाच्या विकास आराखड्यात बसवा. ठरावात नुसते ‘तलाव दुरुस्ती’ लिहिले की प्रस्ताव त्रुटीत निघतो. गट नंबर, गळतीची जागा (सांडवा, भराव की पायथा) आणि मोजमाप लिहा.

दरम्यान बांधाच्या पायथ्याचे पाणी रोज पाहा. ते नितळ असेल तर कागदपत्रांना वेळ आहे. गढूळ येऊ लागले तर भरावातली माती वाहून जात आहे, आतून पोकळी वाढते आहे. अशा वेळी ठरावाची वाट न पाहता त्याच दिवशी उपविभागाचे अभियंता आणि तहसीलदार, दोघांनाही लेखी कळवा, आणि खालच्या बाजूच्या वस्तीला सावध करा.