पांढरी : रंग, माती की गाव?

प्रश्न असा आहे : उत्खननावरच्या एका लेखात 'घोड नदीकाठच्या पांढरीत जोर्वे संस्कृतीची खापरे मिळाली' असे वाक्य आले. इथे पांढरी म्हणजे पांढऱ्या मातीचा थर समजायचा का? तसे असेल तर सरळ 'पांढऱ्या मातीत' का लिहिले नाही? हिंदीतला 'टीला' इथे चालेल का? आणि जोर्वे ही कुठली जमात?

आधी व्याकरण बघू, कारण निम्मा गुंता तिथेच सुटतो. विशेषण असते तेव्हा 'पांढरी माती'चे 'पांढऱ्या मातीत' होते. नाम असते तेव्हा शब्द 'टेकडी'सारखा चालतो : पांढरी, पांढरीत, पांढरीवर, पांढरीचे, अनेकवचनी पांढऱ्या, पांढऱ्यांवर. लेखकाने 'पांढरीत' लिहिले, म्हणजे तो रंग सांगत नाही, जागा सांगतो आहे. 'या नदीकाठाने चार पांढऱ्या आहेत' हे वाक्य मराठीत पुरे आहे, पुढे 'माती' जोडायची गरज नाही. मुद्रितशोधनात कुणी 'पांढरीत' खोडून 'पांढऱ्या मातीत' केले, तर वाक्य शुद्ध राहते आणि अर्थ मात्र निसटतो.

ही जागा कुठली? गावच्या जमिनीची जुनी वाटणी दोन शब्दांत होते : काळी आणि पांढरी. काळी पिकते, पांढरीवर गाव राहते. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, ही जोडी जुन्या कागदपत्रांत येते. लक्षणेने पांढरी म्हणजे तिथे राहणारी मंडळीही. गाव उठून दुसरीकडे गेले तरी मागे राहिलेल्या जागेचे हे नाव सुटत नाही. पुरातत्त्वाने उचलला तो नेमका हा अर्थ : माणसांनी पिढ्यान् पिढ्या राहून सोडलेले, भोवतालच्या शेतापेक्षा थोडे उंच, राखट मातीचे टेकाड.

'पण माती तर पांढरी दिसत नाही', अशी तक्रार पुढे येतेच. ती बरोबर आहे. 'पांढरा'चे मूळ संस्कृतातल्या 'पाण्डर'मध्ये, आणि पाण्डर म्हणजे फिकट, पिवळसर पांढरा. चुन्यासारखा शुभ्र नव्हे. शिवाय शेजारी काळी असताना फिकट राखाडी मातीसुद्धा पांढरीच दिसते. नांगरटीनंतर उन्हाळ्यात काळ्या रानात मधेच एखादा भुरकट चट्टा उठून दिसतो, तेव्हा या शब्दाचा रंग कळतो.

हा रंग येतो कुठून, हे कळल्याशिवाय शब्द पुरता हाताला लागत नाही. कुडाचे एक घर घ्या, ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. कुडाखाली मातीची बुटकी भिंत, अर्धा मीटर उंच आणि ३० सेंटिमीटर जाड, अशी धरू. चारही बाजू मिळून १६ मीटर, म्हणजे भिंतीची माती साधारण २.४ घनमीटर. घर पडले आणि तीच माती १५ चौरस मीटरच्या जागेवर पसरली, तर जमीन १६ सेंटिमीटर वर येते. त्यावर चुलीची राख, शेणसारवणाचे पापुद्रे, हाडे, फुटकी मडकी. पुढच्या पिढीने ते सगळे चोपून सपाट केले आणि वर नवे घर घातले. अर्थात पावसाबरोबर बरीच माती वाहून जाते, म्हणून हिशेब इतका सरळ चालत नाही. पण टेकाड कसे चढते ते एवढ्यावरून दिसते.

खणलेल्या चराची भिंत खरवडून थोडे पाणी शिंपडले की हे थर मोजता येतात. वर भुरकट राखेचा पट्टा. त्याखाली चोपलेली, सारवलेली जमीन, कडेला खांबाच्या खळग्याचा गोल डाग. त्याखाली भाजून लाल झालेली लिंपणाची ढेकळे, आणि त्यांवर कुडाच्या काड्यांचे ठसे. काड्या केव्हाच कुजल्या. घराला आग लागली म्हणून लिंपण भाजले आणि ठसा टिकला. मग पुन्हा राख.

शब्दाचा खरा नेम इथे आहे. पांढरी होते ती फक्त ठाण मांडून राहणाऱ्यांच्या जागेची. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुराश्मयुगाच्या अखेरीची दगडी हत्यारे आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. पण पाटण्याला कुणी पांढरी म्हणणार नाही. शिकार करत हिंडणारा गट चार दिवस बसला, उठला. मागे गारेच्या दगडाच्या छिलक्या राहिल्या, टेकाड झाले नाही. म्हणून 'पुराश्मयुगीन पांढरी' असे कुठे लिहिलेले दिसले तर ती चूक आहे. महाराष्ट्रात या शब्दाचा पल्ला सुरू होतो तो शेती करून एका जागी राहणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडाबरोबर तांबेही वापरणाऱ्या, गावांपासून.

त्यांतले सर्वांत नीट खणलेले गाव म्हणजे शिरूर तालुक्यातले इनामगाव. प्रश्नातली घोड नदी तीच, भीमेची उपनदी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. शंभराहून अधिक घरे उघडी पडली. खालून वर तीन काळ, नावे भांड्यांच्या घाटांवरून पडलेली (जोर्वेचे शेवटी सांगतो) : माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). पूर्व जोर्वेतली घरे चौकोनी, उत्तर जोर्वेत बहुतेक गोल झोपड्या. हवामान कोरडे होत गेले, शेती आटली आणि लोक पुन्हा गुरांमागे हिंडू लागले, असे ढवळीकरांचे मत. इ.स.पू. ७०० च्या सुमारास पांढरी ओस पडली.

या घरांतल्या दोन गोष्टींना मराठीत तयार शब्द आहेत, आणि तरीही लेखांत 'धान्यसाठवणुकीचे भूमिगत खड्डे' असले काहीतरी वाचायला मिळते. तो खड्डा म्हणजे पेव. 'पेव फुटणे' आपण रोज म्हणतो. जमिनीवरचे मातीचे गोल ओटे हे कणगी ठेवायचे. तान्ह्या मुलांची दफनेही घराच्या जमिनीखालीच मिळतात : दोन कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून, आत मूल. याला 'कुंभदफन' म्हणतात. 'अस्थिकुंभ' इथे नको. त्यातून दहनानंतर गोळा केलेल्या अस्थी असा समज होतो.

पेव हा खणणाऱ्याच्या डोक्याला तापही असतो. वरच्या काळातल्या कुणी मीटरभर खोल पेव खणले, धान्य संपल्यावर त्यात केरकचरा टाकला, की उत्तर जोर्वेचे खापर माळव्याच्या थराच्या पातळीत जाऊन बसते. ते खापर पेवाच्या काळाचे, शेजारच्या थराचे नव्हे. म्हणून आधी रंगावरून खड्ड्याची कड शोधायची, आतली भुसभुशीत माती वेगळी काढायची, मगच थर खणायचा. हा क्रम चुकला तर सगळा कालक्रम उलटसुलट होतो. उंदीर-घुशींची बिळेही हाच घोळ घालतात.

आता 'टीला'. हिंदीत तो रूढ आहे. मराठीत आणला की पहिली अडचण कानाची. 'टिळा' आपल्याकडे कपाळाला लागतो. दुसरी अडचण मोठी : टीला म्हणजे कुठलाही उंचवटा, वाळूचासुद्धा. पांढरीत माणसाची वस्ती गृहीत आहे. 'ढिगारा' तर नकोच, त्यात पडझडीचा आणि निरुपयोगीपणाचा भाव येतो. 'टेकडी' निसर्गाची, माणसाच्या वस्तीने झालेल्या उंचवट्याला 'टेकाड' बरे. 'पांढरीचे टेकाड' ही जोडी नेमकी आहे. 'पांढरे टेकाड' म्हणजे मात्र भलतेच, तिथे चुनखडी शोधावी लागेल. कर्नाटक-तेलंगणातली नवाश्मयुगीन राखेची टेकाडेही वेगळी : उटनूर, बूदिहाळ इथली राख गुरांच्या वाड्यातले शेण पुन्हा पुन्हा जाळून साठलेली आहे. तिला पांढरी म्हटले तर गाव आणि गोठा यांची गल्लत होईल.

शेजारच्या तेलुगूत आपल्यासारखाच शब्द आहे : 'पाटिमन्नु', जुन्या पडक्या गावठाणाची माती. पश्चिम आशियात अरबी 'तल्ल', हिब्रू 'तेल', तुर्की 'हुयुक', फार्सी 'तप्पे'. पहिल्या दोघांचे नाते प्राचीन इराकातल्या अक्कादी भाषेतल्या 'तिल्लु'शी आहे. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याच्या शिळेवर, ते कायदे डावलणाऱ्या राजाचा देश 'महापुराने उरलेले टेकाड' व्हावा असा शाप आहे, त्यात हाच शब्द येतो. जेरिकोचे जुने टेकाड 'तल्ल अस्-सुलतान', तुर्कस्तानातले नवाश्मयुगीन गाव 'चातालहुयुक'. या नावांत टेकाड आधीच आहे, तेव्हा 'चातालहुयुकचे टेकाड' म्हणजे पिवळा पीतांबर. मोहेंजोदडोचेही तसेच : सिंधी 'दडो' म्हणजे टेकाड, पूर्ण नावाचा अर्थ मेलेल्यांचे टेकाड. पण मोहेंजोदडोला मराठीत पांढरी म्हणू का? माझ्या मते नको. भाजक्या विटांचे ते शहर. तिथला ढीग लाल, आणि भोवती काळी नाही. पांढरी हा काळ्या रानातला शब्द आहे, तिथेच तो शोभतो.

लोकांनी ठेवलेली नावे वेगळी जपावीत. पैठणच्या जुन्या टेकाडाला 'पालथी नगरी' म्हणतात : जमिनीत नगर पालथे झाले आणि वर माती राहिली, ही कल्पना. नाशिकला सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये जिथे खणले ती जागा 'मातीची गढी'.

गढीचा उल्लेख आला तर पांढरीचा आणखी एक अर्थ सांगितला पाहिजे, कारण वाचताना फसायला होते. बांधकामात पांढरी म्हणजे मातीचा एक प्रकार. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिची भिंत टिकत नाही, छत गळते. पांढरी तशी वागत नाही. म्हणून गढीच्या जाड भिंती पांढरीच्या, आणि मराठवाड्यातल्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पावसाळ्यापूर्वी नवा थर द्यायचा तोही पांढरीचा. ही माती बरेचदा जुन्या गावठाणातूनच येते. त्यामुळे पडक्या गढीच्या भिंतीत सातवाहन काळाचे खापर दिसले तर गढी दोन हजार वर्षांची ठरत नाही. माती तेवढी जुनी. राख, हाडे आणि शेण यांमुळे तिच्यात फॉस्फरसही भरपूर, म्हणून शेतकरी ती खत म्हणून गाड्या भरून नेतात. कित्येक पांढऱ्या अशाच शेतांत पांगल्या. शेतात पांगलेल्या खापरांवरून 'इथे वस्ती होती' असे ठरवण्याआधी ती खतातून आलेली नाहीत ना, हे पाहावे : खापरांबरोबर राखट माती, भाजके लिंपण, पाटा-वरवंट्याचे तुकडे आणि गारेची पाती एकाच ठिकाणी दाट असतील तर पांढरी, नुसती विरळ, झिजलेली खापरे असतील तर बहुधा खत. तपासणी एवढीच करावी, खणू नये. जमिनीत सापडलेला ऐवज १० रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे बंधनकारक आहे. 'निखात निधी' हा शब्द कायद्याने जिवंत ठेवला, एरवी तो केव्हाच पुरला गेला असता.

राहता राहिले जोर्वे. ती जमात नाही, संगमनेर तालुक्यातले प्रवरेकाठचे गाव आहे. तिथल्या पांढरीत १९५०-५१ मध्ये एका विशिष्ट घाटाची भांडी प्रथम ओळखू आली : लाल पृष्ठभाग, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, तोटीचे भांडे, पोटाला ठळक कंगोरा असलेला वाडगा, चांगले भाजलेले, टिचकी मारली की खणखणणारे. मग तशी भांडी, तशी घरे, तशी दफने जिथे जिथे एकत्र मिळाली त्या सगळ्याला 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडले. पहिल्या सापडलेल्या जागेचे नाव द्यायचे, हा पुरातत्त्वाचा रिवाज. ते लोक स्वतःला काय म्हणत, हे खापर सांगत नाही. इथला 'संस्कृती' शब्दही संगीत-साहित्यवाला नव्हे, एका काळातल्या एका प्रदेशातल्या वस्तूंचा ठरावीक संच, एवढाच. मराठीची अडचण ही की आपण 'सिंधू संस्कृती' म्हणतो तेव्हा नगरे, मुद्रा, लिपी असलेला समाज अभिप्रेत असतो, आणि 'जोर्वे संस्कृती' म्हणतो तेव्हा कुडाची गावे. हिंदीने पहिलीसाठी 'सभ्यता' राखून ठेवला आहे. मराठीत सभ्यता म्हणजे चारचौघांत वागायची रीत, तेव्हा 'सिंधू सभ्यता' वाचताना ते लोक फार नम्र होते की काय असे वाटते. नगरांबद्दल बोलायचे तेव्हा 'सिंधू नागरी संस्कृती' लिहावे, काम भागते. जोर्वेला 'नागरी' लावू नये. प्रवरेकाठच्या दायमाबादला वस्तीचा थर सुमारे ५ मीटर जाड आहे आणि तिथे उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या, काळाचाही पदर लागतो, तरी जोर्वे काळापुरते ते एक मोठे गावच.