फेरेट रोडावलंय, पण कशामुळे?

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांत एकच काळजी आहे: फेरेट (मुंगसासारखं दिसणारं, घरात पाळलं जाणारं छोटं मांसाहारी जनावर) हाडकुळं झालंय, त्याने पुन्हा अंग धरावं म्हणून काय खाऊ घालू? खाण्याचं सांगतेच, पण वजन का उतरलं हे कळल्याशिवाय वाटी भरत राहिलात तर कधी कधी नुकसानच होतं.

प्रश्न : माझा दोन वर्षांचा नर हिवाळ्यात १४०० ग्रॅमचा होता. उन्हाळा लागला आणि ११०० वर आला. खातो, खेळतो. आजारी असेल का?

बहुधा नाही. फेरेट हिवाळ्यासाठी चरबी साठवतात आणि दिवस मोठे होऊ लागले की ती उतरते. पाव हिस्सा वजन असं सहज जातं-येतं.

तरी हात फिरवून खात्री करा. नुसती चरबी उतरली असेल तर पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरीव लागतं. कणा करवतीसारखा बोटांना टोचत असेल, कमरेची हाडं वर आली असतील, तर स्नायू झिजताहेत. हे ऋतूमुळे होत नाही. पोट पाहून मात्र अंदाज बांधू नका. फेरेटांमध्ये प्लीहा वाढलेली पुष्कळदा आढळते, त्यामुळे वरून गुबगुबीत दिसणारं जनावर पाठीला अगदी सुकलेलं असू शकतं.

ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, त्यावर खोल भांडं ठेवा आणि दर आठवड्याला ठरल्या वेळी वजन करून लिहून ठेवा. ऋतू बदलत नसताना दहावा हिस्सा वजन गेलं, तर डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : साडेचार वर्षांची मादी बारीक होत चालली आहे. मधूनच शून्यात बघत बसते, लाळ गाळते, मागचे पाय लटपटतात. खायला दिलं की तरतरीत होते. ताकदीसाठी गोड पेस्ट देते, ते बरोबर आहे ना?

पेस्ट आजच थांबवा. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला इन्सुलिनोमाची दाट शंका येते. ही स्वादुपिंडातली, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची गाठ. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटांमध्ये ती खूपच आढळते. गाठ नको तेव्हा इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर घसरते. मग गोड दिलं तर साखर चढते, गाठ आणखी इन्सुलिन सोडते आणि साखर आधीपेक्षा खाली जाते. तुम्ही मायेनं देताय, पण झटके वाढण्याची भीती त्यातच आहे.

रक्तातली साखर तपासून घ्या. थोडा वेळ उपाशी ठेवल्यावर ती दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली आली, तर संशय पक्का होत जातो. हा उपास डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा, घरी नाही. घरी तिला तीन-चार तासांहून जास्त उपाशी राहू देऊ नका, रात्रीसुद्धा. मांसाहारी, भरपूर प्रथिनांचं खाद्य सतत समोर असू दे. प्रेडनिसोलोन किंवा डायझॉक्साइड यांसारखी औषधं आहेत, शस्त्रक्रियाही होते. तिच्यासाठी काय योग्य ते डॉक्टर ठरवतील.

कोसळलीच तर थोडा मध कापसाच्या बोळ्याने हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. बोटही घालू नका, झटक्यात कडकडून चावा बसतो. गोडाचा वापर एवढाच. शुद्धीवर येऊन नीट गिळू लागली की लगेच मांसाचं पातळ खाद्य द्या आणि दवाखाना गाठा.

वजनाबरोबर शेपटीपासून केस गळू लागले असतील तर अधिवृक्क ग्रंथीचीही (मूत्रपिंडाजवळची, संप्रेरकं तयार करणारी ग्रंथी) तपासणी करायला सांगा. दोन्ही आजार एकाच फेरेटला असणं नवलाचं नाही.

प्रश्न : वजन वाढवायला दूध, केळं, कुत्र्याचं खाद्य चालेल?

तिन्ही नको. दुधाने हगवण लागते आणि आहे तेही वजन जातं. फेरेटचं आतडं आखूड असतं, त्याला अंधांत्रच (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) नाही. तीन-चार तासांत अन्न बाहेर पडतं, त्यामुळे फळं-धान्यं अंगी लागत नाहीत. कुत्र्याच्या खाद्यात त्याला हवी तेवढी प्राणिज प्रथिनं आणि चरबी सहसा नसते.

प्रश्न : सांभाळायला घेतलेली मादी जेमतेम ४८० ग्रॅमची आहे. डॉक्टरांनी तपासलं, आजार नाही, फक्त उपासमार. पण नवं खाद्य हुंगून मागे सरते.

फेरेटची आवड पहिल्या काही महिन्यांत वासावर पक्की होते. ती हट्ट करत नाहीये, तिला ते अन्नच वाटत नाहीये. आधी कुठलं खाद्य खात होती ते कळलं तर तेच आणा आणि नवं चिमूट-चिमूट मिसळा.

तोवर तिचे ओळखीचे दाणे कोमट पाण्यात भिजवून, त्यात शिजवलेल्या कोंबडीची बारीक पेस्ट घालून रबरबीत करा. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर मुळीच नको. वास सुटेल इतकं कोमट हवं. पहिल्यांदा थेंबभर ओठाला लावा, चाटेल. नाही चाटलं तर सिरिंज सुळ्यामागून बाजूने तोंडात धरा आणि ती गिळेल तसं थोडं थोडं सोडा. अंग सरळ असू दे, उताणी धरू नका. उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम भार नको, म्हणून सुरुवातीला दर तीन-चार तासांनी तीन ते पाच मिली आणि पचतंय असं दिसलं की हळूहळू दहापर्यंत. पाणी कायम समोर हवं.

रोज वजन करा. दोन-तीन दिवस काटा हललाच नाही तर धीर सोडू नका. तो खाली जाऊ लागला किंवा शी हिरवी, चिकट झाली, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : सात वर्षांचा नर वाटीशी जातो, दाणा उचलतो आणि टाकून देतो.

दात बघून घ्या. भूक आहे, चावताना दुखत असणार. तोवर दाणे भिजवून द्या.

प्रश्न : आठ महिन्यांचा आहे. कालपासून खाल्लं नाही, दात करकरवतो, शी नाही. सिरिंजने भरवू का?

नको! रबराचा, फोमचा तुकडा गिळून आतडं अडलं असण्याची शक्यता मोठी आहे, या वयात हे फार घडतं. अडलेल्या पोटात अन्न ढकलणं धोक्याचं आहे. हे वाचून होताच त्याला घेऊन निघा. जाताना कुरतडलेलं खेळणं, चप्पल, काही सापडलं तर तेही बरोबर न्या.