वाचक विचारतात: प्रॅक्टिकल शूटिंगला बूट कोणते घ्यायचे?

मागच्या अंकात मी प्रॅक्टिकल शूटिंगबद्दल लिहिलं होतं, म्हणजे एका जागी उभं राहून नाही तर पळत, वाकत, आडोशाच्या कडेने पिस्तूल चालवायचं तो खेळ, आयपीएससी म्हणतात ते. त्यावर आलेले निम्मे प्रश्न पायातल्या बुटांवरच निघाले. मला खरंच बरं वाटलं, कारण होल्स्टर आणि बेल्टवर सगळे तासन् तास बोलतात, बुटांचं कोणी काढत नाही, आणि पहिल्या मॅचला माणूस नेमका तिथेच आपटतो.

प्रश्न: ताई, मी पुण्यात कोथरूडला राहतो, बालेवाडीच्या रेंजवर तीन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल करतोय. आता कंपनी वर्षभरासाठी थायलंडला पाठवतेय आणि तिथल्या क्लबात आयपीएससी शिकायचं मनात आहे. माझ्याकडे पिस्तूल शूटिंगचे फ्लॅट बूट आहेत आणि हाफ मॅरेथॉनसाठी घेतलेले जाड फोमचे पण आहेत. यातले कुठले चालतील?

उत्तर: दोन्ही नाही चालणार, आणि का नाही ते नीट समजून घे, कारण ते कळलं की दुकानात कोणाला काही विचारावंच लागणार नाही.

तुझे फ्लॅट बूट उभं राहण्यासाठी बनवलेत. १० मीटरला ७५ मिनिटांत ६० शॉट्स आणि त्या सगळ्या वेळात पाय जागचे हलत नाहीत, म्हणून तळ सपाट, बाजू घट्ट. आयएसएसएफचा, म्हणजे जागतिक नेमबाजी संघटनेचा नियमही तसाच आहे ना, बूट घोट्याच्या हाडाच्या खालीच संपला पाहिजे आणि तळ पुढच्या बाजूला वाकला पाहिजे. त्या बुटांवर मातीत पळायला लागलास तर पहिल्याच वळणाला पाय सरकेल, कारण पकडायला तळाला काही नाहीच. आणि बालेवाडीचे चांगले बूट खराब होतील ते वेगळंच.

मॅरेथॉनचे बूट जास्त फसवे असतात, कारण पळायचं आहे म्हटल्यावर पळायचेच बूट हवेत असं कोणालाही वाटतं. मलाही वाटलं होतं. मी तिकडे नोकरीला होते तेव्हा तिसऱ्याच मॅचला असेच मऊ मऊ रोड रनिंगचे बूट घालून गेले, रेंजवर कडक जमीन आणि वर लाल मुरूम पसरलेला. पहिली दोन टार्गेट झाली, मग डावीकडे पाच-सहा पावलं पळून एका निळ्या पिंपाच्या आड थांबायचं होतं. मी पळाले छान पण थांबलेच नाही, म्हणजे मी थांबले आणि पाय पुढे गेले, आणि उजव्या गुडघ्यावर बसले ती सरळ पिंपाला जाऊन लागले. बोट ट्रिगरच्या बाहेर होतं, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच राहिली म्हणून डीक्यू झालं नाही, म्हणजे मॅचमधून बाद केलं नाही. नंतर बूट उलटा करून बघितला तर फोमवर चिकटवलेल्या पातळ रबरी तुकड्यांच्या मधल्या फटींत मुरमाचे खडे गच्च बसले होते, नखाने एकेक काढले. म्हणजे मी रबरावर नाही, खड्यांवर पळत होते.

तर मुद्दा हा आहे की या खेळात बूट पळण्यासाठी घ्यायचे नसतात, थांबण्यासाठी घ्यायचे असतात. स्टेजमध्ये, म्हणजे मॅचच्या एका टप्प्यात, सलग पळणं असतं किती, पाच मीटर, दहा मीटर, आणि मग ब्रेक, मग पुन्हा सुटायचं, मग आडोशाच्या कडेने एका पायावर भार टाकून बाहेर झुकायचं. सरळ पळताना कुठलाही बूट बरा वाटतो, खरी परीक्षा ब्रेकला आणि कडेला असते.

एका घसरण्याने काय जातं ते आकड्यात बघ. आयपीएससीत गुणांना सेकंदांनी भागतात, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. ३२ शॉट्सची मोठी स्टेज म्हणजे जास्तीत जास्त १६० गुण. १६ सेकंदांत केलीस तर हिट फॅक्टर १०, आणि पाय घसरून एकच सेकंद गेला, १७ झाले, तर ९.४१. म्हणजे त्या एका सेकंदात १६० पैकी साधारण साडेनऊ गुण गेले. मायनर पॉवरला (कमी जोराच्या गोळीला) ए, म्हणजे टार्गेटचा मधला भाग, त्याऐवजी सी, म्हणजे त्याच्या बाहेरचा भाग लागला की २ गुण जातात, म्हणजे जवळजवळ पाच सी मारल्याइतकं नुकसान, आणि नेम तर तुझा एकदाही चुकलेला नाही. पण गुण राहू देत बाजूला, पडताना हातातलं भरलेलं पिस्तूल कुठे वळतं हा खरा प्रश्न आहे. नळी १८० अंशांच्या रेषेच्या, म्हणजे तुझ्या डाव्या-उजव्या बाजूला जाणाऱ्या आडव्या रेषेच्या मागे गेली किंवा पिस्तूल हातातून सुटलं की त्या दिवसाची मॅच संपली. म्हणून बूट हा मी सेफ्टीच्या सामानात धरते, चष्मा आणि कानाच्या मफच्या रांगेत.

आता काय घ्यायचं. ट्रेल रनिंगचे बूट घे. जगभर या खेळातले खूप लोक तेच घालतात, सॅलोमॉनचे स्पीडक्रॉस तर कुठल्याही मोठ्या मॅचच्या फोटोत दिसतील, पण त्याच ब्रँडचे पाहिजेत असं अजिबात नाही. तळाचे दाते चार-पाच मिलिमीटरचे, एकमेकांपासून लांब लांब, कारण दाटीवाटीने असले की चिखल मधे भरतो आणि मग दाते असून नसल्यासारखे. रबर मऊ पाहिजे, अंगठ्याचं नख दाबून बघ, थोडं रुततंय का. टाच जमिनीच्या जवळ पाहिजे. हल्ली ४० मिलिमीटरच्या आसपास फोम असलेले उंच बूट निघालेत, रस्त्यावर सुखाचे असतील, पण कडेला झुकलास की घोटा मुरगळतो. शिवाय फॉल्ट लाइन पायाला कळायला पाहिजे. ती जमिनीवर ठोकलेली लाकडी पट्टी असते, तिच्या बाहेर जमिनीला पाय टेकवून गोळी मारली की १० गुणांचा दंड, आणि त्याचा खूप फायदा झाला असं ठरलं तर प्रत्येक गोळीला १०. डोळे टार्गेटवर असतात, खाली बघायला वेळ नसतो, ती पट्टी बुटाच्या कडेने चाचपायची असते. जाड फोममधून ती लागतच नाही.

जायच्या आधी बूट इथेच तपासून घे, वेताळ टेकडीसारखी जागा नाही. खाणीच्या बाजूला मुरमाचा उतार आहे ना, तो आणि रेंजवरचा मुरूम सारखाच. अर्धी भरलेली पाण्याची बाटली दोन्ही हातांत पिस्तुलासारखी समोर धर (डमी पिस्तूल वगैरे टेकडीवर नेऊ नकोस, सकाळी आजी-आजोबा फिरायला येतात, उगाच घबराट), सात-आठ पावलं पळ, शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाक, गुडघे वाकवून थांब आणि बाटलीतलं पाणी बघ. पाणी किती वेळ हिंदकळतंय तेवढा वेळ तुझा साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) हलतोय. जुने बूट आणि नवे बूट, दोन्ही घालून दहा-दहा वेळा कर, फरक मी सांगायची गरज नाही. डावीकडे, उजवीकडे आणि उलट्या पावलांनीही कर, उलटं चालताना हळू.

आणि बूट केबिन बॅगेत ने. सामान हरवलं तर तिकडे होल्स्टर उसना मिळेल, मॅगझिन मिळतील, तुझ्या मापाचे, पायाला सरावलेले बूट कोणी देणार नाही.

प्रश्न: माझे पाय पुढे रुंद आहेत. लेडीज ट्रेल शूज सगळे बोटांना चावतात, एक नंबर मोठा घेतला तर टाच निघते. काय करू?

उत्तर: पुरुषांचे घ्या, खरंच. त्यात पुढची बाजू बहुतेक वेळा रुंद असते आणि बुटाला कळत नाही कोणी घातलाय. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, मॅचच्या दिवशीही तसेच असतात, कारण आपली स्टेज अर्ध्या मिनिटाची असली तरी बाकीचे सहा-सात तास टार्गेटला पॅच चिकटवत आणि स्टीलच्या प्लेटा उभ्या करत उन्हात उभंच असतो. मॅचचे मोजे घालूनच बूट घालून बघा. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं चालून काही कळत नाही, एखादा उतार किंवा जिना बघा, उतरताना बोटं पुढे आपटतायत का ते बघा. थांबताना तेच होणार आहे आणि मग अंगठ्याचं नख काळं पडतं.

टाच निघते त्याला सोपा उपाय म्हणजे सगळ्यात वरचं जादाचं भोक, जे बहुतेक लोक रिकामंच ठेवतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून ओढून घ्यायची, मग गाठ. टाच जागची हलत नाही. उरलेलं टोक नाडीखाली खोचायचं, लोंबतं ठेवू नका, आडोशाच्या खिडकीतून गुडघ्यावर बसून मारताना ते कशाततरी अडकतं.

प्रश्न: आम्ही सह्याद्रीत भटकणारे, घरात अॅक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट आहेत आणि माळ्यावर एक घोट्यापर्यंतचे महागाचे ट्रेकिंग बूट पण आहेत, चार वर्षांपूर्वीचे, फार वापरलेले नाहीत. नवीन खर्च करायलाच पाहिजे का?

उत्तर: शिकायला अॅक्शन ट्रेकिंग आनंदाने घाला. सिंहगडाच्या पायवाटेवर जी पकड मिळते तीच मुरमावर मिळेल, हलके आहेत, खाली आहेत. मी सुरुवातीच्या मुलांना आधी घरातले तेच आणायला सांगते. फक्त कोरड्या काँक्रीटच्या रेंजवर काळजी घ्या, तिथे बुटापेक्षा खाली पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या घात करतात, ९ एमएमची पुंगळी पायाखाली गोळ्यासारखी फिरते. तिथे पाय उचलून नाही, जमिनीलगत सरकवत न्यायचा.

माळ्यावरचे बूट मात्र आधी खाली काढून बघा. जाड ट्रेकिंग बुटांचा मधला थर बरेचदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि ते वापरलं नाही तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजतं, रसायनच बदलतं त्याचं. बाहेरून नवा कोरा दिसतो, टाचेवर अंगठा दाबला की भेगा पडतात नाहीतर बिस्किटासारखा भुगा निघतो, आणि मग ऐन ट्रेकमध्ये सोल हातात येतो. पुण्यात कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपमध्ये विचारा, हा अनुभव नसलेला माणूस सापडणार नाही. भेगा असतील तर ते बूट विसरा. सोल फक्त कडेला सुटत असेल आणि थर शाबूत असेल तर कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या काकांकडून चारी बाजूंनी टाके घालून घ्या, नुसत्या सोल्यूशनवर विश्वास ठेवू नका. तरी घोट्यापर्यंतचा जड बूट मला या खेळाला आवडत नाही, घोट्याला आधार मिळतो हे खरं, पण गुडघे वाकवून खाली बसताना तो नडगीला अडतो आणि दिवसभरात पाय दमतात ते वेगळंच.

प्रश्न: फुटबॉलचे किंवा क्रिकेटचे स्पाइक्स?

उत्तर: धातूचे नकोच. लाकडी फळ्यांवर आणि काँक्रीटवर ते घसरतात, आणि स्टेजमध्ये फळ्यांचे पूल, प्लॅटफॉर्म असतातच. हॉकीच्या टर्फ शूजसारखे बारीक बारीक रबरी दाणे असलेले मात्र कडक जमिनीवर आणि गवतावर फार छान. असे बूट चालतील का ते मॅचच्या आयोजकांना एकदा मेल करून विचारून घ्या.

प्रश्न: माझा भाऊ परदेशात हा खेळ खेळतो आणि पावसाळ्यात आला की चिखलाचे बूट बॅगेतून घरात काढतो, गॅसजवळ वाळवतो. घरात दीड वर्षाचं बाळ आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही, आणि तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत. गॅसजवळ तर नकोच, उष्णतेने बुटाचा डिंक सुटतो. इनसोल बाहेर काढायचा, नाड्या सैल करायच्या, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन-तीन तासांनी बदलायचे, बाहेर वाऱ्यावर ठेवायचे. आपल्या काळ्या मातीसारखा चिकट चिखल असेल तर तो ओला असताना घासू नका, सुकला की काडीने टोकरला तर पापुद्रे निघतात.

पण खरी गोष्ट दुसरी आहे. गोळीत शिसं असतं, प्रायमरमध्येही असतं, त्याची बारीक धूळ रेंजच्या जमिनीवर पडते आणि बुटाच्या तळाला लागून घरी येते. रांगणारं मूल फरशीवरचे हात तोंडात घालतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंसुद्धा वाईट. म्हणून भावाला सांगा, रेंजचे बूट रेंजवरच बदलायचे, वेगळ्या पिशवीत बांधून आणायचे, धुणं-वाळवणं बाल्कनीत दाराच्या पलीकडे, चपलांच्या रॅकमध्ये सुद्धा नाही. टोकरलेली माती झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपून फडकं टाकून द्यायचं. त्या दिवसाचे कपडे बाळाच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही, मामा कितीही महिन्यांनी आलेला असला तरी.