आईसाठी वृद्धाश्रम बघताय? आधी एवढं करा

ताई, आधी ते अपराधी वाटणं जरा बाजूला ठेवा, मीही त्यातून गेलोय. सुरुवातीला सगळे एकच चूक करतात, आम्हीपण केली, बाग आणि चकाचक रिसेप्शन बघून डिपॉझिट भरून मोकळे झालो आणि रात्री तिथे एकच मावशी असते हे महिन्याने कळलं.

म्हणून तीनच गोष्टी बघा:

- न सांगता जा, संध्याकाळी सात-साडेसातला, जेवणाच्या वेळी. खोलीत लघवीचा वास येतो का, बेल दाबल्यावर कोण किती वेळात येतं ते बघा.
- पडून राहायची वेळ आली, डायपर लागले, विसरभोळेपणा वाढला तर ठेवतात का? बऱ्याच ठिकाणी फक्त हिंडत्याफिरत्या माणसांनाच घेतात आणि मग 'घेऊन जा' असा फोन येतो.
- डिपॉझिट परत कधी, किती, हे लेखी घ्या. डायपर, औषधं, अटेंडंट बहुतेक वेगळेच लावतात.

आणि आईंना सोबत न्या हो! आधी पंधरा दिवस ट्रायल ठेवा, घराजवळचंच बघा, लांबचं स्वस्त असलं तरी जाणं होत नाही. पत्ते हवे असतील तर १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. बाकी कागदपत्रांचं नंतर बोलू.