सळईला कोन न पडता वळण कसं द्यायचं?

प्रश्न : सर, मी मिरजेला राहते, अंगणात ठेवायला सळईचा मोठा बगळा करतेय. मान वळवायला १० एमएमची सळई व्हाइसमध्ये धरून हातोडीने ठोकते पण गोलाई येतच नाही, जागोजागी कोन पडतात. गरम करू का?

उत्तर : ताई, गरम करायची घाई नको, १० एमएम थंडच छान वळते. आधी सळई कुठली ते बघा, स्लॅबची टीएमटी असेल तर ती चिवट आणि वरून खवल्यांची, तिच्यात नितळ रेष दिसणारच नाही, प्लेन एमएस राउंड बार, म्हणजे साध्या मऊ स्टीलची गुळगुळीत गोल सळई घ्या. व्हाइसमध्ये सगळा जोर जबड्याच्या कडेलाच येतो म्हणून तिथंच मोडल्यासारखं होतं, त्यापेक्षा जाड प्लायचा गोल साचा कापून टेबलाला घट्ट बोल्ट करा, सळईचं एक टोक क्लॅम्पने धरा आणि दुसऱ्या टोकावर लांब पाइप घालून हळूहळू साच्याला चिकटवत ओढत न्या. सोडल्यावर सळई थोडी उलगडतेच, तो स्टीलचा स्वभावच आहे, म्हणून साचा हव्या त्या गोलाईपेक्षा लहान ठेवायचा, किती लहान ते त्याच सळईच्या तुकड्यावर बघा. टोकाचा भाग सरळ राहतो, म्हणून सळई वीतभर जास्त घ्या, नंतर कापा. मानेची गोलाई चोचीकडे बदलत जाते ना, ती मात्र तीन रोलरच्या मशीनवर फार सुंदर येते, कुपवाड एमआयडीसीत एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे विचारा, दर फेरीला रोलरचा स्क्रू जरासाच आवळायला सांगा आणि जमिनीवर खडूने काढलेल्या फुल साइज चित्रावर सारखं ठेवून बघा. आणि जस्ताचा मुलामा असलेली सळई कधीच तापवू नका, तो धूर विषारी असतो.