खांदेरी बेटावर मुलांना काय दाखवावं?

तुम्ही विचारलंय की अलिबागला जाताना मुलांना खांदेरीला न्यावं का, की तिथे नुसती पडकी तटबंदी आणि दीपगृहच आहे. जरूर न्या. फक्त होडीतून उतरल्या उतरल्या दीपगृहाकडे धावू नका. आधी तटाच्या बाहेर, पाण्यालगत पसरलेले धोंडे बघा. माझ्या मते खांदेरी खरी कळते ती तिथे.

पहिल्या खेपेस मला वाटलं, तट ढासळून हे दगड पडलेत. तसं नाही. ते मुद्दाम टाकलेले आहेत, चुना न लावता, मोकळे. लाट त्यांच्या फटींत शिरते, तिथेच फुटते आणि तटाशी पोचेस्तोवर तिचा जोर सरलेला असतो. शिवाय या धोंड्यांवर कालवं बसतात. खाली वाकून बघा: कालवाचा एक शिंपला दगडाला असा चिकटलेला असतो की नखाने हलत नाही, आणि कडा पात्यासारखी धारदार. मेलेल्या कालवाच्या शिंपल्यावर नवं कालव बसतं, असे थरावर थर चढत जातात. या दगडांवरून अनवाणी चढून येणाऱ्या शत्रूच्या पायांचं काय होईल ते मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही. फटींत खेकडे पळताना दिसतील. एखाद्या धोंड्यावर समुद्री बगळा मान आखडून उभा असेल. यांच्यात राखी-काळे असतात तसे पांढरेही, जात एकच. हिवाळ्यात गेलात तर कुरव पक्षी बहुधा होडीपासूनच सोबत करतील.

आता बेट कुठे आहे ते बघा. थळच्या किनाऱ्यापासून जेमतेम पाच किलोमीटर, मुंबई बंदराच्या तोंडाशी. उत्तरेला इंग्रजांची मुंबई, दक्षिणेला सिद्दीचा जंजिरा, आणि मध्ये हा दोन टेकड्यांचा कातळ. शिवाजी महाराजांनी 1672 मध्ये इथे बांधकाम सुरू केलं, पण इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या विरोधामुळे ते थांबलं. 1679 च्या ऑगस्टमध्ये महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले. इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घातला. पण वारा पडला की ती जहाजं जागच्या जागी, आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री वल्ही मारत रसद घेऊन थेट बेटावर. 18 ऑक्टोबरच्या लढाईत ‘डोव्हर’ नावाचं इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. पुढच्या वर्षी इंग्रजांनी तह केला. सिद्दीने मात्र शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडलं. भर समुद्रात, तोफा धडधडत असताना, माणसं दगड रचत होती, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

मग आत फिरा. चाकांच्या गाड्यावर चढवलेल्या तोफा आहेत, कोळी बांधवांचं श्रद्धास्थान असलेला वेताळ आहे, आणि एक मोठा धोंडा आहे जो लहान दगडाने ठोकला की भांड्यासारखा घणघणतो. मुलं तिथून हलायची नाहीत. दीपगृह 1867 चं आहे. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात खांदेरी आहे.

दिवस निवडताना तिथी बघा. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते आणि तिच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. म्हणजे षष्ठीला साडेचारच्या सुमारास भरती, सकाळी साडेदहाला ओहोटी. तेव्हा ते धोंडे उघडे मिळतील. होडी थळहून मिळते, पण किती वाजता निघायचं ते तांडेलालाच, म्हणजे होडी चालवणाऱ्यालाच, ठरवू द्या. पावसाळ्यात जाऊच नका. मुलांच्या पायात चपला नकोत, जाड तळाचे बूट हवेत. आणि कालवं कोणाला उपटू देऊ नका.