चुलीपाशी कॅमेरा

प्रश्न : मी मोबाइलवर आईचे, स्वयंपाकघराचे फोटो काढते, पण ते सपाट आणि चारचौघांसारखे दिसतात. त्यांत माझे असे काही कसे येईल?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : राजहंसगडावरचा सूर्यास्त सगळेच टिपतात (टिपोत बापडे), आईच्या परातीपर्यंत मात्र तुम्हीच पोहोचू शकता, त्यामुळे विषय योग्यच आहे. आधी फ्लॅश बंद करा, कारण समोरून पडणारा त्याचा उजेड सावल्या पुसून टाकतो, तर खिडकीतून तिरपा येणारा प्रकाश भाकरी थापणाऱ्या बोटांवरचे पीठ आणि बांगडीची कडही उठून दाखवतो. चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका; नाक मोठे दिसते. नामवंत फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतांश काम ५० मिलिमीटरच्या लेन्सवर केले. तुम्हीही दोन पावले मागे सरकून, झूम दुप्पट (2x) ठेवून पाहा; मोबाइलची चौकट साधारण त्या लेन्सइतकीच होते.